करावेमार्गे कन्याकुमारी

उदयसिंह शेडग्यांच्या सायकलीला हार घालायचा, की सायकलवर बसलेल्या उदयसिंह शेडग्यांना, यावर शनिवारी सकाळी घणसोलीच्या त्या सोसायटीच्या फाटकात दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी सेक्रेटरी रूपेशने दोघांनाही हार घालून वाद मिटवला. माणसाचा हार साधा शेवंतीचा होता. सायकलीचा मात्र नव्या ट्रकला घालतात तसला, मनगटाएवढा जाड, झेंडूचा आणि नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला होता.

आता, याच सायकलीचं वजन कमी करण्यात उदयसिंहांनी दोन महिने घालवले होते. सायकलवरच बिऱ्हाड बांधून लांबलांब हिंडण्याला हल्ली बाईकपॅकिंग म्हणतात, आणि त्यातले जाणकार एकेका ग्रॅमचा हिशेब करतात, असं त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी दात घासायच्या ब्रशचा अर्धा दांडा कापून टाकला, टॉवेल फाडून निम्माच घेतला आणि कंगवा घरीच ठेवला. कंगव्याला तसंही फारसं काम उरलं नव्हतं. एवढं करून निघायच्या क्षणी हँडलवर तीन किलो झेंडू चढला.

"पुढच्या चौकात काढून ठेवतो," उदयसिंह हळूच म्हणाले.

"काढायचा नसतो, काका," रूपेश म्हणाला. "वाटेत आपोआप पडला पायजे. तेच शुभ असतं."

उदयसिंहांनी हार तसाच राहू दिला, कारण रूपेशने त्यांच्यासाठी आणखीही काही केलं होतं. गावठाणाच्या नाक्यावर त्याने दहा फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर हेल्मेट घातलेल्या उदयसिंहांचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली मजकूर होता: 'घणसोली ते कन्याकुमारी सायकल मोहीम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल मा. उदयसिंह शेडगे यांचे हार्दिक अभिनंदन.'

"अरे, पण मी अजून निघालोही नाही," उदयसिंह म्हणाले होते.

"जाताना एक आणि आल्यावर एक, असे दोन कशाला? एकातच भागवलं. आता फक्त जाऊन यायचं बाकी आहे, टेन्शन घेऊ नका."

टेन्शन उदयसिंहांनी घेतलंच, आणि त्याला तसंच कारण होतं. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात या माणसाने हाती घेतलेलं काहीही तडीस नेलं नव्हतं. पेटीचा क्लास 'सा रे ग म' मधल्या 'ग' पाशी सुटला. व्यायामशाळेत ते वर्षाची वर्गणी भरून नऊ वेळा गेले. पोहायला शिकताना पाय मारायला शिकले आणि हात मारायला शिकायच्या आधी थांबले. तुर्भ्याच्या गोदामात हजेरी घेण्याची नोकरी तेवढी त्यांनी टिकवली होती, आणि तीही घरी पाठवत नाहीत म्हणून, असं त्यांची बायको उज्वला म्हणायची. पण शनिवारी फाटकात, साऱ्या सोसायटीदेखत, उज्वलाने हळदकुंकू लावताना सांगितलं होतं, "एवढं मात्र हे पूर्ण करणार. मी सांगते ना." ते वाक्य उदयसिंहांनी नेरूळपर्यंत तिसऱ्या हारासारखं वाहून नेलं.

ते ओझं ते विसरले ते एकदम करावे गावाच्या वळणावर. हार शुभ होताच, आपोआप सुटलाही. पण पडताना तो रस्त्यावर न पडता मागच्या चाकात गेला. नायलॉनचा दोरा साखळीला, साखळी गिअरला अशी एकमेकांना धरून फिरली, कट्‌कन आवाज झाला आणि गिअर ज्या पट्टीला लटकतो ती पट्टीच मोडून हातात आली. उदयसिंह झेंडूच्या पाकळ्यांत उभे राहिले. घर सोडून त्यांना पंधरा किलोमीटर झाले होते आणि कन्याकुमारी साधारण सोळाशे राहिली होती.

वाशीच्या सायकलवाल्याला त्यांनी फोटो पाठवला. "ही पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते," तो म्हणाला. "माझ्याकडे नाही. तुम्ही ऑनलाइन मागवा, बुधवारी येईल. तोपर्यंत घरी जाऊन आराम करा."

घरी जायचं म्हणजे त्या फ्लेक्सखालून जायचं. आणि उज्वलाने दार उघडायचं. ती काही बोलली नसती, हीच तर खरी भीती होती.

"पावनं, तुमी सायकल ढकलताव का सायकल तुमाला?" कुणीतरी विचारलं. बनियन आणि पायजमा घातलेले सत्तरीतले एक गृहस्थ कट्ट्यावर बसून हा सोहळा केव्हापासून बघत होते. त्यांचं नाव गोटीराम. एके काळी खाडीत जाळं टाकायचे, आता चार मजली घर बांधून खोल्या भाड्याने द्यायचे. त्यांनी मोडकी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "यो काय आज हुनार नाय. आमचे घरान खोली हाय, ऱ्हा. भाड्याचा नाव काढू नका, परवासी मानसाकरनं घेत नाय मी. तुमचेसारखीच एक सायकलवाली बाई परवापासनं आयलीय. कुटनं आयलाव तुमी?"

इथे उदयसिंहांच्या तोंडून 'घणसोली' निघायला हवं होतं. पण 'परवासी' हा शब्द त्यांच्या कानात इतका गोड बसला, की तोंडातून "नाशिक" निघून गेलं. मग त्यांनी उभ्याउभ्या मोबाइलवर पट्टी मागवली, पत्ता गोटीरामांचा दिला आणि दुसरा नंबर म्हणून गोटीरामांनी सांगितलेला त्यांच्या बायकोचा नंबर टाकला.

सायकलवाली बाई म्हणजे सरोजिनीताई. साठीच्या, काटक, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांच्या सायकलवर पाच पिशव्या नेटक्या बांधलेल्या होत्या आणि चाकांवर चिखल वाळला होता. त्या इंदूरहून आल्या होत्या, दक्षिणेकडे निघाल्या होत्या आणि गुडघ्याला विश्रांती म्हणून थांबल्या होत्या. उदयसिंहांना त्यांच्यापुढे आपण अगदीच पोरकट आहोत असं वाटायला लागलं.

"कसारा घाट कसा वाटला तुम्हाला?" सरोजिनीताईंनी विचारलं.

"चढ फार आहे," उदयसिंह म्हणाले.

"फारच. माझी तर दमछाक झाली."

नाशिकहून येणाऱ्याला काय किंवा इंदूरहून येणाऱ्याला काय, कसारा घाट उतरावा लागतो, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी उज्वलाचा फोन आला. "कुठवर पोचलात?"

"पेण," उदयसिंह म्हणाले. ठरलेल्या वेळापत्रकात तसंच होतं.

"पेण का? बरं," उज्वला क्षणभर थांबून म्हणाली. "जेवून घ्या."

एक खोटं बोललं की दुसरं बोलावं लागतं, हे शाळेत शिकवतात. पण शाळेत शिकवतात ते सगळं सोपं असतं. रविवारी वेळापत्रकात महाड होतं, म्हणून उदयसिंह महाड म्हणाले. "महाडला? मग आपला शिवतेज तिथंच आहे की," उज्वला म्हणाली. "कळवते त्याला. भेटून जाईल."

शिवतेज हा उदयसिंहांचा चुलत भाऊ. पाहुणा गावाच्या शिवेवर आलाय आणि घरी जेवला नाही, हा साताऱ्याकडच्या शेडग्यांत गुन्हा समजतात. तिचा फोन जायच्या आत आपलाच गेला पाहिजे म्हणून उदयसिंहांनी घाईघाईने शिवतेजला लावला. "शिवा, तू नाक्यावर येऊ नको. मी महाड सोडलं."

"कुठल्या नाक्यावर, दादा? मला तर कुणी काय बोललंच न्हाई," शिवतेज म्हणाला. "तुमी महाडातनं गेला अन् घरी आला न्हाई? आता कुटं हाय?"

"पोलादपूरला पोचलो," उदयसिंह म्हणाले.

"मग थांबा तितंच. आज मटन केलंय. डबा घेऊन गाडीवर अर्ध्या तासात आलो."

"नको, नको. मी थांबलेलो नाही. कशेडी घाट चढतोय."

"अंधार पडाय लागलाय, दादा. बोगदा सोडून घाटानं?"

"घाटात हवा चांगली लागते."

हे बोलत असताना उदयसिंह पाटावर बसले होते आणि गोटीरामांच्या सुमित्राबाई त्यांच्या ताटात बोंबलाचं कालवण वाढत होत्या. चुलीच्या आचेने त्यांना जी धाप लागली होती, ती शिवतेजला घाटाची वाटली. "मानलं तुमाला," तो गहिवरून म्हणाला, आणि फोन ठेवल्याबरोबर त्याने ही बातमी सगळ्या भाऊबंदांना कळवली. तासाभरात ती घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेली. 'शेडगे काकांनी एका दिवसात दीड मुक्काम मारला. रात्री कशेडी सर.' त्याखाली चाळीस जणांनी हात जोडले. वेळापत्रकाच्याही पुढे गेल्यामुळे आता मागे येणं शक्य नव्हतं, आणि सोमवारी उदयसिंहांना मुकाट्याने राजापूरच्या पुढे जावं लागलं. त्या दिवशी प्रत्यक्षात ते खोलीतून कट्ट्यापर्यंत गेले होते.

मंगळवारी सकाळी गोटीरामांनी स्वच्छ शर्ट घातला आणि गाडी बाहेर काढली. "पावनं घरान बसून कटालले. चला, आज तुमाला आमची नवी मुंबई दाखवतंय. येवढे लांबून आयलाव, काय बघितलाव नाय तर काय सांगाल तिकरं जाऊन?"

"गुडघा," सरोजिनीताई म्हणाल्या.

"टायर बघायचे होते," उदयसिंह म्हणाले.

पण करावेच्या माणसाने एकदा पाहुणचार करायचं मनावर घेतलं की पाहुण्याचं काही चालत नाही. दोघं मागच्या सीटवर बसले. गोटीराम प्रत्येक वळणावर गाडी हळू करून माहिती देत होते. "यो पामबीच रस्ता. असा रस्ता तुमचे नाशकान हाय का?" उदयसिंहांनी वीस वर्षं पाहिलेल्या रस्त्याकडे डोळे विस्फारून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. इंदूरमध्येही असा रस्ता नसल्याचं सरोजिनीताईंनी कबूल केलं.

गाडी नेरूळमध्ये शिरली तशा सरोजिनीताईंनी डोक्यावरून ओढणी घेतली. मग त्यांनी काच वर केली. मग त्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांना काय होतंय म्हणून उदयसिंहांनी बाहेर पाहिलं, तर समोर बाजाराच्या कोपऱ्यावर एक फ्लेक्स होता. त्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या बाई अंगठा वर करून हसत होत्या. 'प्रभात हास्य क्लबच्या सदस्या सरोजिनीताई कर्णिक यांना नेरूळ ते कन्याकुमारी सायकल प्रवासासाठी हास्यमय शुभेच्छा.'

उदयसिंहांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि एकदा बुटाच्या नाडीकडे पाहिलं. पुढे गोटीराम सांगत होते, "यो नेरूळ. आमचे बापानं इथं भात लावलेला." सरोजिनीताई वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी अशी नजर टाकली, की उदयसिंहांनी ताबडतोब दुसऱ्या बाजूची इमारत निरखायला घेतली.

दुसऱ्याचं खोटं पकडल्याचा आनंद उदयसिंहांना अर्धा तासच लाभला. "आता घनसोलीला जाव," गोटीराम म्हणाले. "आमची मनस्वी तिथं दिलीय. चा घेऊ." उदयसिंहांनी डोकं दुखत असल्याचं सांगितलं, मग पोट दुखत असल्याचं सांगितलं. गोटीराम म्हणाले, मनस्वीकडे ओवा आहे. गावठाणाच्या नाक्यावर नेमके एक टेम्पो आणि एक रिक्षा समोरासमोर आले, आणि गाडी थांबली ती दहा फुटी फ्लेक्सच्या बरोबर समोर. हेल्मेट, जोडलेले हात आणि 'यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल'.

सरोजिनीताईंनी तो मजकूर दोनदा वाचला. मग त्यांनी ओढणी तोंडात धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

गोटीरामही वाचत होते. त्यांना नेरूळचा फ्लेक्सही आठवला असावा, कारण त्यांनी आरशात दोघांकडेही पाहिलं. मागच्या सीटवर दोन पाहुणे दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत बसले होते. टेम्पो निघाला, रिक्षा निघाली, मागचा माणूस भोंगा वाजवायला लागला. "मनस्वीकरं मागाहून जाव," गोटीराम शांतपणे म्हणाले. "घरी जेवान थंड होल." त्यांनी गाडी वळवली, आणि करावे येईपर्यंत कुठल्याही रस्त्याची माहिती दिली नाही. घरात शिरताना एवढंच म्हणाले, "सुमित्रे, दोगांना भात जास्ती वाड. लय लांबून आयलेत." त्या वाक्याने उदयसिंहांना जेवढी लाज वाटली, तेवढी कुणी चार लोकांत कान धरला असता तरी वाटली नसती.

दुपारी दोघं खाडीच्या बांधावर जाऊन बसली. समोर ओहोटीचा चिखल होता.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," सरोजिनीताई म्हणाल्या. "कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. सगळ्या जगाची प्रवासवर्णनं माझ्या हातून गेली, आणि मी कधी पनवेलच्या पुढे एकटी गेले नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, जायचंच. निघाले, आणि तीन किलोमीटरवर पाय थांबले. पुढे एकटीने रात्री राहायचं, पंक्चर काढायचं, सगळं एकदम डोक्यात आलं. परत जावं तर क्लबातले लोक मला बघून हसतील. आणि ते हसायला लागले की अर्धा तास थांबत नाहीत."

"चाकावरचा चिखल?"

"इथलाच. ओहोटीला सायकल बांधावरून नेली."

मग उदयसिंहांनीही हाराची गोष्ट सांगितली, आणि पेटीची, आणि पोहण्याची. हे सगळं त्यांनी कधी कुणाला एका दमात सांगितलं नव्हतं. "मला रस्त्याची भीती नाही, ताई," ते म्हणाले. "मला घरी परत जायची भीती आहे. या वेळी ती सगळ्यांसमोर बोललीय हो."

"मला परत जायची नाही, पुढे जायची आहे," सरोजिनीताई म्हणाल्या. "म्हणजे दोघं मिळून एक धड माणूस होतो. पंक्चर येतं काढता?"

"ते येतं. ते पूर्ण शिकलोय."

ठरलं ते असं. बुधवारी पट्टी आली तर दोघांनी बरोबर निघायचं. नाही आली तर आपापल्या घरी जायचं आणि होईल ते ऐकून घ्यायचं. गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, कारण गुरुवारी पुन्हा शुक्रवार दिसायला लागतो, हे उदयसिंहांना अनुभवाने माहीत होतं.

बुधवारी सकाळी दहाला पट्टी आली. कुरिअरवाला दारात उभा राहिला, त्याने पुडकं पुढे केलं आणि उदयसिंहांनी हात लांबवल्यावर मागे घेतलं. "ओटीपी सांगा."

उदयसिंहांनी मोबाइल पाहिला. ओटीपी आला नव्हता. "नंबर कुठला आहे?" त्यांनी विचारलं. कुरिअरवाल्याने शेवटचे चार आकडे वाचून दाखवले, आणि उदयसिंह मटकन ओटीवर बसले. घरात खरेदीच्या ॲपचं खातं एकच होतं, आणि ते उज्वलाच्या नंबरवर होतं.

"ओटीपीशिवाय देता येनार नाय, काका. परत पाठवू का? पुढच्या आठवड्यात येईल."

उदयसिंहांनी सरोजिनीताईंकडे पाहिलं. त्या हेल्मेट घालून, पिशव्या बांधून, सायकल धरून उभ्या होत्या. गोटीराम खांबाला टेकून तंबाखू मळत होते आणि मुद्दाम खाडीकडे बघत होते. चार दिवसांत पहिल्यांदाच उदयसिंहांना एकही गाव सुचलं नाही. त्यांनी फोन लावला.

"उज्वला, अगं ऐक. मी राजापूरला नाही. मी महाडला, पेणलाही..."

"चार, आठ, शून्य, तीन, एक, एक," उज्वला म्हणाली.

"काय?"

"ओटीपी. आधी त्याला सांगा, त्याचा खोळंबा करू नका."

उदयसिंहांनी सांगितला. पुडकं हातात आलं. "तुला कधीपासून..."

"शनिवारी दुपारीच. ऑर्डरचा मेसेज आला, पत्ता करावे. संध्याकाळी तुमी पेण म्हनालात."

"मग बोलली का नाहीस? शिवतेजला कळवते म्हणून घाबरवलंस ते?"

"थोडी गंमत करायचा हक्क मला पन आहे. त्याला मी फोन केलाच नव्हता. घाटात तुमी तुमचे चढलात." मग तिचा आवाज बदलला. "अहो, पेटी सुटली तेव्हा तुमी त्याच दिवशी घरी आलात. पोहनं सुटलं तेव्हा ओल्या अंगानंच आलात. या वेळी गाडी मोडली, घर पंधरा किलोमीटरवर, तरी चार दिवस आला नाहीत. मी रोज वाट बघायची, आज बेल वाजते का. नाही वाजली. मला बरं वाटायचं. म्हनलं, ह्या वेळी हे जानार."

उदयसिंह पुडक्याची चिकटपट्टी नखाने काढू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि कुरिअरवाला अजून तिथेच उभा राहून सगळं ऐकत होता.

"निघा आता," उज्वला म्हणाली. "आणि त्या ताईंना जपून न्या."

"तुला ताई कशा ठाऊक?"

"सुमित्राबाईंचा नंबर ऑर्डरमध्ये तुमीच दिलाय ना, दुसरा म्हनून. रोज बोलतो आमी. तुमी जेवता किती ते सुद्धा माहीत आहे मला."

पट्टी बसवायला वीस मिनिटं लागली. सुमित्राबाईंनी दोघांच्या पिशव्यांत तांदळाच्या भाकऱ्या कोंबल्या आणि ग्रॅमचा विचार कुणी केला नाही. गोटीरामांनी हात वर केला. "पावनं, परत येताना या. उरलेली नवी मुंबई दाखवीन."

त्या संध्याकाळी उदयसिंह आणि सरोजिनीताई खरोखरीच पेणला पोचले. वाटेत दोनदा पंक्चर झालं, पहिलं उदयसिंहांनी काढलं, आणि ते त्यांच्या डोक्यावर उभं राहून शिकलेल्या सरोजिनीताईंनी दुसरं काढलं. लॉजच्या ओट्यावर बसून उदयसिंहांनी फोन केला. "पेण," ते म्हणाले. "अगदी खरं पेण. पाहिजे तर फोटो पाठवतो."

"फोटो अजिबात पाठवू नका," उज्वला घाईने म्हणाली. "ग्रुपवर मी तुमाला काल रात्रीच मडगावला पोचवलंय."

"मडगाव?"

"मग काय करू? कशेडी चढलेला मानूस राजापूरला किती दिवस ठेवू? रूपेश सारखा विचारतोय, पुढे कधी निघनार. मी सांगितलंय, गोव्यात पाच दिवस आराम करनार आहेत. म्हनजे रविवार संध्याकाळपर्यंत तुमाला वेळ आहे. तेवढ्यात मडगाव गाठा, पुढचं मी बघते."

उदयसिंहांनी नकाशा उघडला. पेण ते मडगाव पाचशे किलोमीटर होतं. त्यांनी तो आकडा सरोजिनीताईंना दाखवला. सरोजिनीताईंनी बोटांवर भागाकार केला, गुडघा एकदा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे उद्या पाचला निघायला हवं."

उदयसिंहांनी पावणेपाचचा गजर लावला. सकाळी तो वाजला तेव्हा ते सायकलवर पिशव्या बांधत होते.